निधानाची खोली

वैशाखात उमरग्याच्या हायवेवरचं डांबर मऊ पडतं, चप्पल चिकटते. तसल्या उन्हात खांद्यावर लोकरीचा स्वेटर टाकून चालणारा माणूस मी आयुष्यात एकच बघितला. रिक्षावाले हसायचे. पानटपरीवाला विचारायचा, "सर, काश्मीरला निघालाव काय?" सर थांबायचे, त्याच्याकडं नीट बघायचे आणि म्हणायचे, "व्हय. दवाखान्याच्या मागंच हाय, कधीतरी या."

ते खोटं नव्हतं. आमच्या ट्रस्टच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला सर्व्हरची खोली होती. तिथं बारा महिने एसी चालायचा, दात वाजतील इतकी गार खोली. त्या खोलीत चनबसप्पा सर बसायचे. बाहेर भट्टी आणि आत बर्फ, असा त्यांचा जन्म गेला.

मी तिथं जनरेटर बघायचो. जनरेटर आणि बॅटऱ्या. लोक मला वॉचमन समजायचे आणि मी प्रत्येकाला थांबवून सांगायचो की मी वॉचमन न्हवं. शिक्षण चौथी. पुढची शाळा परंड्याला होती, घरच्यांनी धाडलं नाही, पण इंजिन मला कुणी शिकवायची गरज पडली नाही. सरांवर लिहायचं मनात होतं, होत नव्हतं. मग परवा सून फोनवर म्हणाली, "मामा, कॉम्प्युटरवाल्या माणसावर तुम्ही काय लिहिणार?" ती तसं बोलली नसती तर बहुतेक राहूनच गेलं असतं. आता लिहितोच.

सरांचं मशीन कपाटाएवढं होतं, काळं. केसपेपरच्या खिडकीपासून लॅबपर्यंत जितके म्हणून कॉम्प्युटर होते, ते सगळे ह्या एकाच्या जिवावर. पेशंटचं नाव, जुने रिपोर्ट, कुणाला काय दिलं, काय सोसलं नाही, सगळं ह्याच्या पोटात. त्याच्या आत जो कारभारी होता त्याला सर युनिक्स म्हणायचे. त्यात चित्रं नव्हती, काही नव्हतं. काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. माझ्या बॅटऱ्या त्या खोलीच्या बाहेर व्हरांड्यात होत्या. तिथंच माझं स्टूल. दाराला काच होती, त्यामुळं आतले सर मला दिसायचे आणि मी त्यांना. बोलणं कमीच. तरी सांगून ठेवतो, ते मशीन माझ्या करंटावर चालायचं.

सर सीमेवरच्या गावचे, घरात कन्नड, बाहेर मराठी. कपाळाला विभूतीच्या तीन रेघा. खोलीत जाताना चपला बाहेर काढायचे. चहा आत कधीच न्यायचे नाहीत. माझ्याजवळ येऊन उभ्यानं बशीत ओतायचे, आणि एवढ्या गारठ्यातनं आलेला माणूस तो चहा फुंकून फुंकून प्यायचा.

त्यांच्या कामाची एक रीत होती. मशीनला काही सांगायचं असलं की ते दोन बोटांनी टाइप करायचे आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी हात वर उचलून घ्यायचे. मग लिहिलेली ओळ पहिल्यापासून वाचायची, ओठ हलवत. वाचता वाचता पुटपुटायचे, "निधान, निधान." आणि मग बटण.

आमच्या परंड्याकडं निधान म्हणजे ठेवा. पुरून ठेवलेलं धन. मी भजनात ऐकलेला शब्द. मला वाटलं, हा शंकराचा माणूस आहे, पोटापाण्याच्या मशीनला धनाच्या नावानं हाक मारतोय. मला ते आवडलं. मी त्या खोलीला निधानाची खोली म्हणायला लागलो. एसीवाला आला की, "जा, निधानाच्या खोलीत जा." झाडूवाल्या बायका पण तसंच म्हणायला लागल्या.

मग एक दिवस बसवकल्याणकडचा एक ट्रक ड्रायव्हर आपल्या क्लीनरला स्ट्रेचरवर घालून व्हरांड्यातनं पळत सुटला. स्ट्रेचर भिंतीला घासत चाललेलं. सर चहा टाकून धावले, "निधान, निधान!" म्हणून ओरडले. तो ड्रायव्हर जागेवर हळू झाला. मी उठून खोलीचं दार उघडून उभा राहिलो, म्हटलं पेशंटला आत घ्यायचंय का काय.

सरांनी दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "दादा, दार कशाला उघडलं?"

"तुम्हीच म्हणालाव की, निधान."

"अहो, कन्नडात निधान म्हणजे हळू. सावकाश जा."

"मग मशीनला रोज काय म्हणता?"

"मशीनला कुठं म्हणतो? मलाच म्हणतो. घाईनं बटण दाबू नको."

मी विचार केला. म्हटलं, "म्हणजे आजवर मी लोकांना हळूची खोली म्हणून सांगतोय?"

तेव्हा सर हसले. डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत हसले, स्वेटरच्या बाहीनं पुसलं. मी त्यांना एवढं हसताना आधी बघितलं नव्हतं. म्हणाले, "राहू द्या दादा. नाव बदलू नका." मी बदलणारही नव्हतो. माझ्या मुलखात निधान म्हणजे निधानच.

त्यांची मंडळी वारली होती. मुलगा बेंगळुरात. दर रविवारी त्याचा फोन यायचा, सर व्हरांड्यात येऊन बोलायचे. कन्नड मला येत नाही, पण शेवटचं वाक्य दर वेळी तेच असल्यामुळं कळायचं. मुलगा म्हणायचा, अप्पा, या आता इकडं. सर म्हणायचे, मशीन आहे तोवर नाही. फोन ठेवला की माझ्याकडं बघून मराठीत सांगायचे, "बोलावतोय. पण मशीन सोडून कसं जायचं?" मी म्हणायचो, "बरोबर हाय." माझी पोरं पुण्यात. ती बोलवत नव्हती, म्हणून मला उत्तर द्यायची वेळ आली नाही.

एकदा सकाळी केसपेपरची खिडकी बंद पडली. कॉम्प्युटर सांगायला लागला, जागा शिल्लक नाही. बाहेर रांग, पोरं रडतायत, आणि मॅनेजर साहेब व्हरांड्यात येरझाऱ्या घालतायत. मॅनेजर शहरातला, शिकलेला, तरुण. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला कायम कुठंतरी जायचं असायचं.

"सर, मी स्वतः सकाळी एक मोठी फाईल उडवली. डिस्क निम्मी व्हायला पाहिजे होती. तरी जागा नाही म्हणतंय."

सरांनी दार उघडंच ठेवलं होतं, म्हणून मला ऐकू आलं. त्यांनी मशीनला दोन तऱ्हांनी विचारलं. एकदा डिस्कलाच विचारलं, किती भरलीस. ती म्हणाली, गच्च. मग एकेका खणात जाऊन मोजून घेतलं. हिशोब निम्म्यावरच थांबला.

मी स्टुलावरनं म्हटलं, "मग दोघातलं एक खोटं बोलतंय."

"दोन्ही खरं बोलतायत, दादा. साहेबांनी फाईलचं नाव खोडलं. पण आत एक प्रोग्राम ती फाईल उघडून, धरून बसलाय. नाव गेलं म्हणून मोजताना दिसत नाही. धरून ठेवलीय म्हणून जागा सुटत नाही."

मॅनेजर म्हणाले, "मग मशीन बंद करून चालू करा ना. सुटेल."

"सुटेल. पण कोण धरून बसलंय ते कळणार नाही. उद्या परत हेच."

"बाहेर रांग बघितली का?"

"बघितली. निधान."

शोधायला थोडा वेळ गेला. सापडला तो लॅबचा एक जुना प्रोग्राम. लॅबमध्ये रक्त तपासायचं एक यंत्र होतं, ते केव्हाच भंगारात गेलं होतं. पण त्या यंत्राशी बोलायचा जो प्रोग्राम होता तो कुणी थांबवला नव्हता. तो आपला यंत्राला हाक मारायचा. उत्तर यायचं नाही. मग फाईलमध्ये लिहून ठेवायचा, उत्तर नाही. परत हाक. परत लिहायचा, उत्तर नाही. यंत्र गेल्यापासून रात्रंदिवस हेच. तेवढ्यानं डिस्क भरली होती.

सरांनी तो थांबवला. जागा लगेच मोकळी झाली, खिडकी चालू झाली, मॅनेजर निघून गेले. सर तसेच खुर्चीत बसून राहिले. मी चहा आणला तरी बाहेर येईनात. मग आले, बशीत चहा ओतला, आणि फुंकायचं विसरून म्हणाले, "त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, दादा."

त्याच आठवड्यात त्यांना ताप आला, म्हणून मी त्यांच्या खोलीवर गेलो. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत भाड्याची खोली. आत दोन खाटा. एका खाटेवर सर पडलेले. दुसऱ्या खाटेवर धुतलेली चादर ताणून घातलेली, उशी, उशीवर बायकी शाल घडी करून. एक सुरकुती नाही. मी बसायला जागा बघत होतो. सर म्हणाले, "इकडं बसा," आणि आपले पाय आखडून घेतले. मी त्यांच्या पायाशी बसलो.

खंडेनवमीचं मात्र सांगायलाच पाहिजे. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं-अवजारं धुऊन, थांबवून पुजतात. त्या दिवशी त्यांच्याकडनं काम घेत नाहीत. मी जनरेटर धुतला होता, झेंडूचा हार घातला होता. सरांनी पण मशीनच्या कपाटाला बाहेरनं गंध लावलं होतं, आतल्या अंगाला काही नाही. ते फुलं आणायला बाहेर गेले आणि तेवढ्यात ट्रस्टचे अध्यक्ष पूजेला आले. मशीनचे पंखे घुरघुरताना ऐकून म्हणाले, "चालू अवजाराची पूजा करतात व्हय रे?" वायरमन जवळच उभा होता. त्यानं मागचं बटण पाडलं. मी व्हरांड्यातनं ओरडलो, पण अध्यक्षांच्या बरोबरची माणसं लई होती. नारळ फुटला, आरती झाली, बटण परत वर केलं.

इतकी वर्षं करंटावाचून ते मशीन एकदा बंद पडू दिलं नव्हतं मी. ते बंद पडलं पूजेनं.

सर फुलं घेऊन दारात आले. पडदा बघितला. फुलं माझ्या स्टुलावर ठेवली, आत गेले. मशीन बंद करायची त्यांची एक पद्धत असायची, ती मी खूपदा काचेतनं बघितली होती. आधी एक शब्द टाइप करायचा, सिंक. म्हणजे, बाबा, तुझ्या हातात जे काही असेल ते आधी डिस्कवर नीट ठेव. तो शब्द ते तीनदा लिहायचे. मी विचारलं होतं, तीनदा कशाला, कपाळावर तीन रेघा म्हणून? तर म्हणाले, "एकदा पुरतं. पण मागच्या लोकांनी तीनदा सांगितलंय. पहिला शब्द मशीनसाठी. दुसरा आणि तिसरा आपल्याला थांबवून ठेवायला. तेवढ्यात त्याचं ठेवून होतं." त्या दिवशी मशीनला एकदाही कुणी सांगितलं नव्हतं. हातातलं हातातच राहिलं आणि सांडलं.

असं झालं की मशीन चालू होताना सगळ्या घरभर फिरून बघतं, काय कुठं पडलंय, आणि जिथं शंका येते तिथं विचारतं. हे जोडू का? हे पुसू का? सर एकेक सवाल मोठ्यानं वाचत होते.

"हा तुकडा आहे, पण कुठल्या खणातला माहीत नाही. जोडू का? ... जोड."

"हे दोघं एकाच जागेवर हक्क सांगतायत. ... थांब. आधी बघू कोण खरा."

मॅनेजर दारात उभे. "सर, सगळ्याला एकदम हो म्हणायची सोय असते ना त्यात?"

"असते."

"मग?"

"विचारतंय तर ऐकून घ्यावं, साहेब. एखाद्याला नाही म्हणायचं असतं."

दुपार उलटली तरी ते चाललंच होतं. कुणाचे म्हणून ओळखू आले नाहीत ते तुकडे मशीननं एका वेगळ्या खणात टाकले. त्या खणाचं नावच इंग्रजीत हरवलं-सापडलं असं असतं म्हणे. जत्रेत चुकलेलं पोर मंडपात आणून बसवतात, तसं. तिथं कुणाला नाव नसतं, नुसता नंबर. आदल्या दिवसापर्यंतची नक्कल होती, पण हे तुकडे त्याच सकाळच्या पेशंटांचे होते. सर पुढं कितीतरी दिवस रोज थोडं थोडं ते उघडून वाचायचे. कुणाची साखर, कुणाचा एक्स-रे, कुणाचं बाळंतपण. ओळख पटली की नाव घालून जागेवर नेऊन ठेवायचे आणि बाहेर येऊन मला सांगायचे, "आज एक गुंजोटीचा सापडला. घरी धाडला."

ह्यानंतर मी एक घोळ घातला. मला व्हरांड्यात चुक-चुक असा आवाज यायला लागला. मी सरांना सांगितलं, मशीन चुकचुकतंय. त्यांनी तपासलं, म्हणाले ठीक आहे. मी म्हटलं, "सर, तुम्ही अक्षरं वाचता, मी आवाज वाचतो. आवाज खोटं बोलत न्हाय. मशीन बिघडलंय." मी हट्टच धरला. त्यांनी बिचाऱ्यांनी सगळं परत तपासलं. शेवटी एसीवाल्यानं एसीचं झाकण काढलं, आणि आतनं गलेलठ्ठ पाल पडली. सरांनी पालीला काही म्हटलं नाही, मलाही काही म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून सकाळी चपला काढताना विचारायचे, "दादा, आज मशीन काय म्हणतंय?" मी म्हणायचो, "पाल बरी हाय."

तिकडं ट्रस्टनं ठरवलं होतं की आता सगळा कारभार पुण्याकडच्या कुठल्यातरी मोठ्या मशीनवर न्यायचा. आमच्याकडं तिकडनं फक्त एक वायर येणार. जुन्यातलं सगळं तिकडं पाठवून झालं की हे मशीन बंद, खोली मोकळी. सरांचं काम तेवढंच उरलं होतं. वेळ लागेल तेवढा लागू द्या, असं आधी सगळे म्हणत होते.

मग एक दिवस परत तो आवाज आला. मी स्टुलावरनंच म्हटलं, "पाल आली परत."

सर आत गेले. कपाटाला कान लावून उभे राहिले. बाहेर आले तेव्हा स्वेटर हातात होता, एवढ्या गार खोलीत त्यांनी तो काढला होता. "नाही, दादा. ह्या वेळी पाल नाही."

डिस्क मरायला लागली होती. तिच्यावरचं सगळं जशाच्या तसं ठेवणारी जोडीदार डिस्क आधीच गेली होती आणि तसली नवी आता कुठं मिळत नव्हती. जुन्या वर्षांच्या नकला टेपवर होत्या, पण टेप वाचणारं यंत्र बिघडलेलं. नवं मागितलं तेव्हा साहेब म्हणाले होते, आता कशाला. म्हणजे माणसांची जुनी सगळी दुखणी त्या एका डिस्कवर, आणि ती कधी बसेल सांगता येत नाही.

सरांनी सगळ्यात आधी तिच्यावर काही लिहायचं बंद केलं. म्हणाले, "आता हिच्याकडनं फक्त वाचून घ्यायचं. नवीन काही सांगायचं नाही." मग एकेक भाग दुसरीकडं उतरवून घ्यायला लागले. जे ती सहज देतेय ते आधी. अडली की हट्ट करायचा नाही, पुढं जायचं, शेवटी परत यायचं. मधेच सगळं थांबवून तिला गार होऊ द्यायचं. तेवढा वेळ सर व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे राहायचे, आतल्या आवाजाकडं कान देऊन. दवाखान्यात नातेवाईक उभे राहतात तसे.

मॅनेजर एकदा जाता जाता म्हणाले, "सर, वाईट वाटून घेऊ नका. लोक म्हणतात, हे काम जितकं लांबेल तितके तुम्ही इथं राहाल."

"लोकांना म्हणावं, डिस्कला विचारा."

लोक बोलत होते ते मला आवडलं नव्हतं. पण माझ्याही डोक्यात तेच आलं होतं, आणि मी ते वेगळ्या कारणानं बोललो. दुपारी चहा घेताना म्हटलं, "सर, जरा निधान करा की."

त्यांनी बशी खाली ठेवली. मला कुठलं निधान म्हणायचंय ते त्यांना बरोबर कळलं.

"मी हळू केलं तरी ती हळू मरणार नाही, दादा."

"मग तुम्ही जाणार."

"जाणार."

"तिकडं काय करणार?"

"मुलाचा फ्लॅट लई वरच्या मजल्यावर आहे. गेलो होतो एकदा. खिडकीतनं दुसऱ्या खिडक्या दिसतात." मग म्हणाले, "एसी आहे म्हणतो. स्वेटर कामाला येईल."

ह्याच दिवसांत मुरूम गावची एक बाई आली आणि विचारल्याशिवाय माझ्या स्टुलावर बसली. मी म्हटलं, "मावशी, ही बसायची जागा न्हाय."

"मग कुठवर उभं ऱ्हाऊ? खिडकीवाला म्हणतोय जुनं काही निघत न्हाय."

तिचा मुलगा लहानपणी आमच्याकडं होता, झटके यायचे म्हणून. तेव्हा एक इंजेक्शन त्याला सोसलं नाही, हातचं जात होतं पोर. आता तो बाप्या झालाय, सोलापूरला ऑपरेशन ठरलंय, आणि तिथला डॉक्टर विचारतोय की ते इंजेक्शन कुठलं. "मला नाव येतंय व्हय? पांढरं होतं, एवढं ध्यानात हाय."

सर दारात येऊन ऐकत होते. मुलाचं नाव, गाव विचारून आत गेले. बाहेर आले तेव्हा मला तोंडावरनं कळलं. ते नेमकं अडलेल्या भागात होतं. तिला म्हणाले, "उद्या या, मावशी."

त्या दिवशी त्यांनी बाकीचं सगळं बाजूला ठेवलं. थोडं वाचायचं, थांबवायचं, गार होऊ द्यायचं, परत तिथंच जायचं. मशीन बाहेरपर्यंत चुकचुकत होतं. मी स्टुलावरनं हललो नाही. लाईट गेली असती तर, म्हणून. संध्याकाळी सर म्हणाले, "अर्धं आलं." दुसऱ्या दिवशी सकाळी कागद आला, मधे मधे अक्षरं खाल्लेली, पण औषधाचं नाव धड होतं. सरांनी ते मोठ्या अक्षरात मराठीत आणि इंग्रजीत लिहून दिलं. "हे राशनकार्डात ठेवा."

बाईनं कागद उलटसुलट करून बघितला. "एवढ्याशासाठी मला दोनदा यायला लावलं व्हय? कालच द्यायचं की."

"चुकलं, मावशी," सर म्हणाले.

ती गेल्यावर मी रागानं काहीतरी बोललो. सर म्हणाले, "तिला कशाला कळायला पाहिजे?" आणि चपला काढून आत गेले. उरलेलं काम त्यांनी एका दमात उरकलं. डिस्क तेवढा वेळ टिकली. शेवटी ज्या दिवशी सगळं पुण्याला पोचल्याचा निरोप आला, मॅनेजर साहेबांनी येऊन सरांचा हात हातात घेतला. "वाटलं नव्हतं होईल," म्हणाले. मनापासून म्हणाले. मग त्यांना कुठंतरी जायचं होतं.

सरांनी मला आत बोलावलं. इतक्या वर्षांत मी त्या उंबऱ्याच्या आत गेलो नव्हतो. म्हणाले, "तुमच्या करंटावर चाललंय. तुम्ही असायला पाहिजे." मी चपला काढल्या. गार फरशी. त्यांनी सिंक लिहिलं. हात उचलला, वाचलं, बटण. परत लिहिलं. परत वाचलं. तिसऱ्यांदा लिहिलं आणि बोट तसंच वर धरून बसले. मग बटण दाबलं, मशीन बंद करायचा शब्द लिहिला, आणि पंखे एकेक करून बसत गेले.

जनरेटर बंद पडल्यावरची शांतता मला माहीत आहे. ही तसली नव्हती. आणि एसीच्या मागनं चुक-चुक आवाज आला.

"पाल," सर म्हणाले.

"बरी हाय," मी म्हटलं.

आता त्या खोलीत सलाईनची खोकी ठेवतात. एसी काढून अध्यक्षांच्या केबिनला लावला. झाडूवाल्या बायका अजून निधानाची खोलीच म्हणतात, का म्हणतात ते नव्यांना माहीत नाही. सरांचा नंबर माझ्याकडं आहे. एकदा लावला होता, उचलला नाही. परत लावला नाही. परत परत हाका मारणं त्या प्रोग्रामला जमत होतं, मला जमत नाही. माझा नंबर त्यांच्याकडं आहे.

ते गेले त्या दिवशी गुलबर्ग्याची गाडी भर दुपारी होती, कर्नाटकाची लाल बस. तिथनं पुढं रेल्वे. सामान म्हणजे एक पेटी आणि एक वळकटी. वळकटीत वर ती शाल होती, घडी तशीच. खांद्यावर स्वेटर. पानटपरीवाल्यानं विचारलं, "सर, काश्मीर सोडून कुठं?" त्यांनी पेटी हायवेच्या कडेला ठेवली, त्याच्याकडं नीट बघितलं आणि खांद्यावरचा स्वेटर सारखा केला.

गाडी आली. मी पेटी वर चढवली. सर ड्रायव्हरच्या मागच्याच खिडकीत बसले. काय बोलायचं ते आमचं ठरलेलं नव्हतं. ते म्हणाले, "दादा, बॅटऱ्यांत पाणी बघा." मी म्हटलं, "मला सांगायचं न्हाय." कंडक्टरनं घंटी मारली, गाडी हलली, आणि तेव्हा माझ्या तोंडातनं मोठ्यानं गेलं, "निधान!"

ड्रायव्हरनं आरशात माझ्याकडं बघितलं आणि हात वर केला. "आयतु, अज्जा," म्हणाला. बरं आजोबा, हळू नेतो.

त्याच्या मागच्या खिडकीत सर हसत होते, स्वेटरची बाही डोळ्यांना लावून. ड्रायव्हर सज्जन निघाला. हायवे रिकामा होता तरी वळणापर्यंत त्यानं गाडी पळवली नाही.